सोलापुरात राहून पीएच.डी. करावी का?

प्रश्न आधी थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारा मुलगा मंगळवेढ्याकडचा. सोलापूर विद्यापीठातून सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालाय आणि दोन वर्षं तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासांवर पैसे मिळतात तशा तात्पुरत्या नेमणुकीवर, शिकवतोय. पीएच.डी. करायची मनापासून इच्छा आहे. पुण्याला गेलेले मित्र म्हणतात, "सोलापुरात कसलं संशोधन? ना मशीन, ना पैसा, नुसती बाडं." घरी कोरडवाहू शेती, धाकट्या बहिणीचं शिक्षण चालू. तो विचारतोय: इथेच नाव नोंदवू, का दोन वर्षं थांबून पुण्या-मुंबईकडे प्रयत्न करू? आणि अगदी शेवटच्या ओळीत: वडिलांना किती वर्षं सांगू?

मी सोलापुरातल्या एका अनुदानित कॉलेजात एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. माझ्याकडे सहा जणांनी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. चौघांची झाली, दोघं सोडून गेले. त्या दोघांपैकी एकाच्या बाबतीत चूक माझी होती, ती पुढे येईलच. मी सांगतेय ते एवढ्याशा अनुभवावरून. आयआयटीत शिकवणाऱ्याला यातलं बरंच वेगळं दिसेल आणि तेही खोटं नसेल.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक नोकरीचा, एक संशोधनाचा. नोकरीचा आधी सोडवून बाजूला ठेवू. जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकाच्या पदासाठी पीएच.डी.ची सक्ती नाही, राज्याची सेट किंवा देशपातळीवरची नेट ही पात्रता परीक्षा पास असणं किमान पुरेसं आहे. मुलाखतीत पीएच.डी.चं वजन पडतं, नाही असं नाही. पण कायम नोकरी एवढंच डोक्यात असेल तर आधी सेट-नेट काढा. चार-पाच वर्षं खर्चून पीएच.डी. केली आणि नेट राहून गेली, अशी मुलं मी पाहिलीत. त्यांना पुन्हा बी.एस्सी.च्या पुस्तकांशी बसावं लागतं आणि ते फार जिवावर येतं.

पैशाचं मात्र मी इथे बसून सांगू शकत नाही, ते तुमच्या घरावर आहे. जेआरएफ ही केंद्राची संशोधन फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि वर घरभाडं, पुढे 42,000. मग पुणे परवडतं, सोलापूरही परवडतं, प्रश्नच मिटतो. ती नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आपापल्या प्रवर्गानुसार आहेत, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. पण एक घरगुती सल्ला: फेलोशिप कुठलीही असो, पैसे एक तारखेला येतात असं धरून कर्ज काढू नका. सहा महिने घरून किंवा तासिकांवर निघतील एवढी सोय आधी करा. ही सोय नसलेल्या हुशार मुलाला मी "एक वर्ष थांब" असं सांगितलंय, आणि सोय असलेल्या साधारण मुलाला "उद्याच ये" म्हटलंय. अन्याय वाटेल, पण अर्धपोटी माणसाच्या हातून टायट्रेशन चुकतं.

आता खरा प्रश्न. तुमचे मित्र म्हणतात मशीन नाही. खरंय, मोठी मशीनं इथे थोडी आहेत. आमचं विद्यापीठच 1 ऑगस्ट 2004 चं, एका जिल्ह्यापुरतं. त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, आणि माझी पीएच.डी. तिथलीच. नोकरी सोलापुरात, नोंदणी कोल्हापूरला. काचपट्ट्यांवर बसवलेल्या पातळ फिल्म्स एक्स-रे डिफ्रॅक्शनसाठी, म्हणजे स्फटिकांची रचना तपासायला, न्यायच्या असायच्या. त्या हलल्या, घासल्या की महिन्याचं काम गेलं. म्हणून मुलाचा जुना स्टीलचा डबा घेतला, त्यात कापूस, कापसात पट्ट्या उभ्या, आणि रात्रीची एसटी. सांगोला, मिरज करत पहाटे कोल्हापूर. डबा मांडीवर. कंडक्टर एकदा म्हणाला, "बाई, खाऊन घ्या की, किती वेळ धरून बसताय." सकाळी दहाला मशीनवाल्याच्या दारात उभी, दुपारी आलेख हातात, रात्रीची परतीची गाडी. वर्षातून आठ-दहा वेळा हे चालायचं, आणि पीएच.डी. झाली.

आज तर डबाही मांडीवर धरायला नको. शिवाजी विद्यापीठातल्या आणि पवईच्या आयआयटीतल्या उपकरण केंद्रांत बाहेरच्यांचे नमुने शुल्क घेऊन तपासून देतात. देशात कुठल्या संस्थेत कोणतं उपकरण आहे आणि ते कसं बुक करायचं, हे 2020 पासून आय-स्टेम नावाच्या सरकारी पोर्टलवर दिसतं. कुरियरने नमुना जातो, मेलवर आलेख येतो. नियतकालिकांची रडही बरीच कमी झालीय. जानेवारी 2025 पासून 'एक राष्ट्र एक सदस्यत्व' योजनेत 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं सरकारी विद्यापीठांना आणि संस्थांना खुली झाली. योजना सरकारी संस्थांसाठी आहे, म्हणून खाजगी व्यवस्थापनाच्या कॉलेजात नोंदणी करणार असाल तर तिथे काय उघडतं ते आधी ग्रंथपालांना विचारा. तरीही, आम्ही एका लेखाच्या झेरॉक्ससाठी पुण्याला पत्र लिहून महिना वाट पाहायचो, त्यापुढे हे सुखच आहे.

तेव्हा मशीन नाही म्हणून सोलापूर सोडू नका. नमुना प्रवास करतो. ज्याला प्रवास करता येत नाही अशा गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांच्याबद्दल मित्र बोलत नाहीत, कारण पुण्यात त्या फुकट मिळतात म्हणून दिसतच नाहीत.

साधं पाणी घ्या. आपल्या शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातनाच्या कंडेन्सरमधून थंड पाणी सतत वाहतं ठेवावं लागतं. पुस्तकात लिहिलंय नळाला नळी जोडा. कुठला नळ? आम्ही कूलरची छोटी मोटर एका बादलीत सोडली, बादलीत बर्फाची लादी फोडून टाकली आणि तेच पाणी फिरवत ठेवलं. बर्फ चौकातल्या रसवंतीवाल्याकडून. पंधरा वर्षं तेच चाललं. हे मी कौतुकाने सांगत नाही. त्या बर्फापायी वाट्टेल तेवढा वेळ गेलाय.

दुसरं ऊन. डायएथिल ईथर 34.6 अंशाला उकळतं. एप्रिलात सोलापूरच्या दुपारी ईथरच्या बाटलीचं बूच उघडणं म्हणजे ईथर हवेला दान करणं. शोधनिबंधात जिथे 'खोलीच्या तापमानाला ढवळा' असं लिहिलेलं असतं, तिथे लिहिणाऱ्याची खोली 25 अंशांची असते. आपली खोली कितीची?

यातच माझी चूक आहे. माझा तिसरा विद्यार्थी अतिशय नीटनेटका मुलगा, वही बघावी तर मोत्याचं अक्षर. त्याची एक अभिक्रिया होती: डायक्लोरोमिथेनमध्ये सहा तास खोलीच्या तापमानाला ढवळायची. जानेवारीत छान झाली. फेब्रुवारीतही. मार्चच्या मध्यापासून उत्पादन घसरायला लागलं आणि मिश्रणातले घटक वेगळे दाखवणाऱ्या पातळ थर क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर एक नकोसा ठिपका यायला लागला. त्याने अभिकारक बदलले, नवी बाटली मागवली, उत्प्रेरक पुन्हा बनवला. त्या वर्षी आमच्याकडे नॅकची, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, समिती येणार होती आणि मी समन्वयक. सकाळी माझे तास, दुपारपासून फायली. त्याची वही मी महिन्यातून एकदा माझ्या टेबलावर बघायचे. प्रयोगशाळेत जाऊन त्याच्या शेजारी उभी राहत नव्हते. मे महिन्यात एक जुनी मैत्रीण भेटायला आली, ती सहज आत गेली आणि म्हणाली, "अगं, भट्टी आहे की काय इथे?" भिंतीवर थर्मामीटर लावला तर दुपारी तीनला 39. डायक्लोरोमिथेन उकळतं सुमारे 40 ला. म्हणजे सहा तासांत त्याचा द्रावक निम्मा उडून जात होता, मिश्रण घट्ट होत होतं, आणि म्हणून ती नको असलेली अभिक्रिया जोर धरत होती. पहाटे सहाला लावून बघितली, तर झाली व्यवस्थित.

उत्तर सापडलं तोवर दोन महिने गेले होते आणि पोराचा स्वतःवरचा विश्वासही. दिवाळीआधी त्याने चिंचोळीच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरी धरली. आता बरं चाललंय त्याचं. पण चौथ्या दिवशीच त्याच्या बाजूला कुणी घाम पुसत उभं राहिलं असतं, तर हे घडलं नसतं. पुण्यातल्या मोठ्या प्रयोगशाळेत ते 'कुणी' म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सीनियर असतो, चहाला आलेला पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी. झालेला संशोधक, असतो, शुक्रवारच्या चर्चेत खोचक प्रश्न विचारणारा परका प्राध्यापक असतो. मशीनपेक्षा या माणसांचा तोटा आहे आपल्याकडे. सोलापूरपुरतं नाही, जगात जिथे जिथे विद्यापीठं नवी आणि विरळ आहेत तिथे हीच रड.

अब्दुस सलाम यांचं उदाहरण मी वर्गात नेहमी द्यायची. केंब्रिजहून 1951 मध्ये लाहोरला परत आले. तिथे त्यांना शिकवण्याखेरीज वसतिगृह, हिशेब किंवा फुटबॉल क्लब यांपैकी एक जबाबदारी घ्या म्हणाले, त्यांनी फुटबॉल घेतला. नॅकच्या फायलींपेक्षा बरा असावा. मोठं दुःख होतं एकाकीपणाचं, ज्याच्याशी आपल्या विषयावर बोलावं असा माणूस जवळपास नव्हता. 1954 मध्ये ते पुन्हा केंब्रिजला गेले. पुढे 1964 मध्ये त्यांनी इटलीत त्रिएस्तला सैद्धांतिक भौतिकीचं आंतरराष्ट्रीय केंद्र उभं केलं, आणि तिथे विकसनशील देशांतल्या शास्त्रज्ञांनी अधूनमधून काही आठवडे येऊन राहावं, काम करावं आणि आपल्या देशात परत जावं, अशी सोय केली. 1979 चं नोबेल त्यांना मिळालं ते वेगळ्या कामासाठी, पण मला विचाराल तर ही 'येऊन-जाऊन' राहण्याची कल्पना तेवढीच मोठी. देश सोडायचा की विज्ञान सोडायचं, हा पेचच त्यातून सैल झाला.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर इथेच आहे. 'सोलापूर की पुणे' असा तुकडा पाडू नका. नोंदणी इथे, प्रश्न इथला, आणि वर्षातले सहा-आठ आठवडे दुसऱ्या प्रयोगशाळेत, ठरवून, पाहुणचाराला नाही तर कामाला. तुमचा गाईड याला तयार असेल तर इथे करा. गाईड म्हणाला, "कशाला जायचं, आपल्याकडे सगळं आहे," तर दुसरा गाईड बघा. शिक्षकांसाठी तर अशी अधिकृत योजनाही आहे: राज्य विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या कायम शिक्षकांनी आपली नोकरी सांभाळून राष्ट्रीय प्रयोगशाळेत किंवा आयआयटी-आयसरमध्ये अर्धवेळ संशोधन करावं अशी 'टेअर'. तुमच्या होऊ घातलेल्या गाईडने ती किंवा तसलं काही केलंय का, विचारा. केलं असेल तर त्याच्या फोनमध्ये बाहेरच्या चार माणसांचे नंबर आहेत, आणि ते तुमच्याही कामी येतील.

आता विषयाची निवड. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तुमचे मित्र ज्यांना बाडं म्हणतात ते जाडजूड, निरुपयोगी प्रबंध इथून जन्माला येतात.

आपल्या भागात रसायन-भौतिकच्या कितीतरी प्रबंधांचा साचा एक: अमुक नॅनोकण बनवले, त्यांनी मिथिलीन ब्लू हा रंग प्रकाशात नष्ट केला, नव्वदच्या वर टक्के. प्रस्तावनेत पहिलं वाक्य 'वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्यामुळे होणारे प्रदूषण' वगैरे. माझ्या चौथ्या विद्यार्थिनीचंही हेच चाललं होतं आणि मीच दिलं होतं. आमच्याकडे प्रयोगशाळा परिचर म्हणून एक मामा होते. घर पूर्व भागात, भाऊ टॉवेलच्या डाईंगमध्ये. एक दिवस काचेची भांडी धुता धुता ते म्हणाले, "मॅडम, ह्यात मीठ किती घातलंय?" मी म्हटलं मीठ कशाला? ते हसले. "मिठाशिवाय रंग धरतो होय सुताला?"

आम्ही दोघी दुसऱ्या दिवशी त्यांच्या भावाकडे गेलो. सुतावर रिॲक्टिव्ह रंग चढवायचा तर लिटरला कित्येक ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे रंग पाण्यातून सुताकडे ढकलला जातो. मग सोडा घालून पाणी चांगलंच अल्कधर्मी करतात, तेव्हा रंग धाग्याला पक्का बसतो. न बसलेला रंग, ते सगळं मीठ आणि सोडा गटारात. आमच्या बीकरमध्ये मात्र ऊर्ध्वपातित पाणी आणि एकटा मिथिलीन ब्लू. जो सुती टॉवेलला कुणी लावत नाही, आणि जो स्वतःच प्रकाश शोषतो, त्यामुळे आपला उत्प्रेरक, म्हणजे ते नॅनोकण, आहे त्यापेक्षा शहाणा वाटतो. तिने डाईंगमधून पाच लिटरचा कॅन भरून आणला, गाळला, तोच प्रयोग केला. नव्वदच्या वरचा आकडा निम्म्याच्याही खूप खाली आला. कारण रसायनाला माहीत असलेलंच होतं: क्लोराइड आणि कार्बोनेट हे रंग तोडणाऱ्या हायड्रॉक्सिल मूलकांना वाटेतच गाठून खातात, रंगापर्यंत पोचू देत नाहीत.

ती रडवेली झाली. मी म्हटलं, आता तुझी पीएच.डी. सुरू झाली. पुढची अडीच वर्षं तिने एवढंच केलं: मीठ किती, सोडा किती, कुठल्या प्रमाणाला उत्प्रेरक लंगडा होतो, आणि आधी मीठ वेगळं केलं तर काय होतं. चार ऐवजी दोनच शोधनिबंध झाले. पण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, आलेले परीक्षक तासभर तिच्याशी भांडले, आणि जाताना आलेख मागून घेऊन गेले. मिथिलीन ब्लूच्या व्हायवाला लोक चहा पिऊन जातात.

तेव्हा सोलापुरात राहायचं तर सोलापुरात काय आहे ते आधी बघा. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र केगावला आहे, विद्यापीठही केगावलाच, आणि वर्षानुवर्षं पुणे रस्त्याने जाणाऱ्या आमच्या एम.एस्सी.च्या मुलांपैकी फार थोडी त्या फाटकातून आत गेलीत. डाळिंबावरचा तेल्या झँथोमोनास जिवाणूमुळे होतो आणि बागाच्या बागा त्याने उठतात. सालीतली पॉलिफिनॉल्स, फवारणीचे अवशेष, हे सगळं सेंद्रिय रसायनवाल्याचं अंगण आहे. कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र इथे 1933 पासून आहे. तुमच्या मंगळवेढ्याची ज्वारी सगळ्यांच्या तोंडी आहे, मालदांडी 35-1 तर मोहोळला निवडलेलं वाण. बोअरच्या पाण्याचे क्षार तुम्ही लहानपणापासून हंड्याच्या तळाशी पाहताय. नमुने तुमच्या दारात आहेत आणि हंगाम तुम्हाला पाठ आहे. पुण्याच्या माणसाला यासाठी गाडी करून यावं लागेल.

हे सोपं असतं तर सगळ्यांनी केलं नसतं का? नाही केलं, त्याला धोरणही कारण आहे. 2010 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने शिक्षकांच्या बढतीला गुण लावले, एपीआय म्हणतात ते. शोधनिबंधाला इतके, परिसंवादाला इतके. हेतू वाईट नव्हता, वर्षानुवर्षं न वाचता शिकवणारे लोक होतेच. पण गुण मोजायला लागले की माणसं गुण पिकवायला लागतात. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. आयोगाने मान्य यादी केली, आणि मे 2018 मध्ये त्याच यादीतून 4,305 नियतकालिकं काढून टाकावी लागली. मग केअर नावाची नवी मान्य यादी आली, तीही 2025 मध्ये बंद झाली. 2022 च्या नियमांत पीएच.डी.साठी प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्तीच काढली. मला हे शेवटचं पटतं. पण सवय नियमाबरोबर जात नाही. मिठासारखा अवघड प्रश्न घेतला तर निबंध कमी होतात, मिथिलीन ब्लू घेतला तर सहा महिन्यांत एक. चाळिशीतला, बढती अडकलेला गाईड तुम्हाला काय देईल, तुम्हीच सांगा. त्याला दोष देताना मला जड जातं, मीही दिलंच होतं.

पैशाचंही तसंच. देशाचा संशोधनावरचा खर्च 2020-21 मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्के होता. राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा 2023 मध्ये झाला, पाच वर्षांत 50,000 कोटींची गोष्ट झाली, पण त्यातले 36,000 कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत. त्या प्रतिष्ठानने मोठी संस्था मध्ये आणि राज्य विद्यापीठं भोवती अशी जोडणी सुरू केलीय, ती मला आवडते, वर म्हटलेली सोबत त्यातून मिळू शकते. पण माझ्या अनुभवात रक्कम लहान असणं हे दुखणं दुसऱ्या नंबरचं. पहिलं म्हणजे ती कधी येते. मला एकदा तीन लाखांचं अनुदान मंजूर झालं. दुसरा हप्ता फेब्रुवारीच्या अखेरीस आला आणि एकतीस मार्चच्या आत खर्चून हिशेब द्या म्हणाले. पाच आठवड्यांत निविदा, तुलनात्मक तक्ता, खरेदी. जे दुकानात तयार होतं ते घेतलं, जे हवं होतं ते नाही. ब्राझीलमधल्या साओ पावलो राज्याने आपल्या राज्यघटनेतच लिहून ठेवलंय की कराच्या उत्पन्नातला 1 टक्का त्यांच्या संशोधन प्रतिष्ठानला, म्हणजे फापेस्पला द्यायचा. पैसा किती, यापेक्षा तो दरवर्षी येणारच हे तिथल्या संशोधकाला माहीत असतं, आणि म्हणून तो चार वर्षांचा प्रश्न हातात घेऊ शकतो. आपल्याकडे राज्य पातळीवर असं काही व्हावं, हे माझं मत. तुमच्या नोंदणीआधी होणार नाही, त्यामुळे पुढे जाऊ.

गाईड कसा निवडायचा, एवढं प्रत्यक्षातलं राहिलं. शोधगंगावर जा, देशातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे असतात. ज्यांचा विचार करताय त्यांच्या विद्यार्थ्यांचे शेवटचे तीन प्रबंध उघडा. तिन्हींत धातूचं नाव बदललंय आणि बाकी सगळं तेच, असं दिसलं तर समजून जा. ऋणनिर्देशाचं पान नीट वाचा. बाहेरच्या प्रयोगशाळांची, माणसांची नावं आहेत की नुसते आई-वडील, कुलगुरू आणि प्राचार्य? मग संध्याकाळी पाचनंतर न सांगता त्यांच्या प्रयोगशाळेत जा. दिवे चालू आहेत का, कुणी काम करतंय का, आणि त्या मुलांना बाहेर टपरीवर नेऊन विचारा: "सर शेवटचे तुमच्या टेबलाशी कधी उभे होते?" 'सर' म्हणजे मॅडमसुद्धा. माझ्या त्या तिसऱ्या विद्यार्थ्याला कुणी विचारलं असतं तर त्याने जानेवारी सांगितलं असतं.

संख्या पण बघा. नियमाने प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगीकडे सहा आणि सहायकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. कॉलेजातल्या सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास शिकवायचे असतात, त्यात प्रशासन वेगळं. त्याच्याकडे आधीच तीन असतील तर तुम्हाला आठवड्यातून किती मिनिटं मिळतील, याचा हिशेब तोंडी होतो.

पुणे, मुंबई कधी निवडावं? तुम्हाला नैसर्गिक संयुगांची लांबलचक संश्लेषणं किंवा रोज एनएमआर, म्हणजे रेणूची रचना दाखवणारा आलेख, बघावा लागेल असं काही करायचं असेल, तर जा. जिथे सकाळच्या आलेखावर दुपारचा प्रयोग ठरतो, तिथे कुरियर चालत नाही. जेआरएफ असेल आणि घर थोडं मोकळं करत असेल, तरीही जा, अनुभव घ्या. मात्र 'दोन वर्षं थांबून' जाऊ नका. थांबलेल्या मुलांची दोन वर्षं मी पाहिलीत, त्यांची पाच होतात. या वर्षी नेटला बसा, सोबतच विद्यापीठाच्या प्रवेशप्रक्रियेचा अर्ज भरा, आणि तोवर शनिवारी एक कॅन घेऊन एखाद्या डाईंगमध्ये किंवा डाळिंबाच्या बागेत जाऊन या. मुलाखतीत विषय विचारतात तेव्हा तुमच्याकडे सांगायला स्वतःचं काही असेल.

राहिला वडिलांचा प्रश्न. नियमाने किमान तीन, कमाल सहा. पहिले सहा-आठ महिने कोर्सवर्क आणि आरआरसीपुढे, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीपुढे, आराखडा मंजूर होण्यात जातात. शेवटचे सहा-आठ प्रबंध टाईप होणं, परीक्षकांचे अहवाल येणं आणि व्हायवाची तारीख मिळणं यात. मधली तीन वर्षं कामाची, त्यातला एक उन्हाळा काहीतरी बिघडण्यात जाणारच. वडिलांना पाच सांगा. तीन सांगितलीत तर चौथ्या वर्षी घरातला प्रत्येक पाहुणा विचारेल, आणि तुम्ही मंगळवेढ्याला जाणं टाळायला लागाल. आणि थर्मामीटर दीडशे रुपयांत मिळतो, पहिल्याच दिवशी टेबलाशेजारच्या भिंतीला लावा.